सुधाकर सर आणि बारा नंबरचा बोर्ड

मी रेवती. गणित शिकवते आणि लवकर चिडते. गणित मला सुधाकर सरांनी शिकवलं. चिडणं माझं स्वतःचं आहे. सर चिडत नाहीत. ते गप्प होतात, आणि समोरच्याला ते जास्त लागतं.

जानेफळहून मेहकरकडे निघालं की तीन किलोमीटरवर आमचं कॉलेज लागतं. तिथेच मी बी.एस्सी. झाले आणि गेली नऊ वर्षं तिथेच तासिका तत्त्वावर शिकवते आहे. सरांचं आडनाव मापारी. पण आमचे प्राचार्यही मापारीच निघाले, म्हणून ते मापारी सर आणि हे सुधाकर सर. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस. तिसऱ्या वर्षाचा अ‍ॅनालिसिसचा तास गेली एकतीस वर्षं त्यांचाच. दोन उभ्या रेघा मारून ते फळ्याचे तीन भाग करत: डावीकडे काय दिलंय, मधे सिद्धता, उजवीकडे कच्चं काम. खेड्यातल्या पोरांना इंग्रजीत प्रमेय पाठ होतं पण समजत नाही, म्हणून चिन्हं सोडून बाकी सगळं ते मराठीत लिहीत, स्वच्छ, गोल अक्षरात. तास संपला की तो फळा पुसायला आमच्यापैकी कुणी पुढे व्हायचं नाही. पुढच्या तासाचे सर येऊन पुसत आणि आम्हाला त्यांचा राग येई.

मागच्या जुलैत कॉलेजात चार स्मार्ट बोर्ड आले. भिंतीवर भलामोठा टीव्ही, त्यावर पेनने लिहायचं आणि बोटाने सरकवायचं. एक दिवसाचं ट्रेनिंग झालं. मी त्या दिवशी अमरावतीला पेपर तपासायला गेले होते, त्यामुळे मला नंतर कळलं ते एवढंच: कंपनीच्या बाईंनी सुधाकर सरांना पुढे बोलावलं, सरांनी काहीतरी लिहिलं, ते गेलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा गेलं, मागे कुणीतरी हसलं. सर 'मले हे जमत नाही' म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले. त्यानंतर त्यांनी बोर्डाचं नाव काढलं नाही.

बाकीच्यांचं तरी कुठे जमत होतं? केमिस्ट्रीच्या स्नेहलता मॅडमनी बोर्डाला धूळ लागू नये म्हणून घरून फुलाफुलांचं कव्हर शिवून आणलं, आणि ते रोज काढायचा कंटाळा म्हणून बाजूच्या फळ्यावरच शिकवत राहिल्या. इतिहासाचे प्रेमानंद सर किल्ल्यांचे व्हिडिओ लावून पोरांसोबत पहिल्या बाकावर बसत, आणि पोरांपेक्षा तेच जास्त रंगून बघत. प्राचार्यांनी बोर्डाच्या वापराची नोंदवही ठेवली, तर लोक रिकाम्या वर्गातही बोर्ड चालू ठेवायला लागले, कारण वहीत मिनिटं भरायची होती. कुणाचं बोर्डाशी वैर नव्हतं. पन्नाशीच्या माणसाला चाळीस पोरांदेखत एक बटण सापडू नये, एवढीच सगळ्यांची धास्ती. मी स्वतः दोनदा त्या बोर्डासमोर घामाघूम झाले आहे, त्यामुळे मला हे बोलायचा हक्क आहे.

सुधाकर सरांना मात्र बोर्डावाचून गत्यंतर नव्हतं. श्रावणात लागलेला खोकला दसऱ्यापर्यंत हटला नाही, तेव्हा बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं की खडूची धूळ बंद, एक दिवससुद्धा नाही. प्राचार्यांनी तिसऱ्या वर्षाचा वर्ग लगेच बारा नंबरच्या खोलीत हलवला. तिथे नवा बोर्ड नेमका जुन्या फळ्यावरच ठोकलेला होता. मग त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं. मी टाइमटेबलचा कागद घेऊन तिथेच उभी होते.

"सर, मी तुमच्याहून लहान आहे, पण आता ऐका माझं," मापारी सर म्हणाले. "बारा नंबरमधे बोर्डावर शिकवा. ते होत नसंल तर तिसरं वर्ष रेवती मॅडमले देतो, तुम्ही परीक्षा विभाग सांभाळा. येत्या गुरुवारी मी तासाले येऊन बसतो. त्या दिवशी काय ते ठरवू."

"ठीक आहे," सर म्हणाले. एवढंच.

परीक्षा विभाग म्हणजे तळमजल्यावरची, लोखंडी कपाटांची खोली. तिथे दिवसभर हॉलतिकिटांवर शिक्के मारायचे. ज्या माणसाला रविवारीसुद्धा कुणीतरी शंका विचारायला यावं असं वाटतं, त्याला शेवटची दोन वर्षं तिथे बसवणं म्हणजे काय, ते प्राचार्यांनाही कळत होतं. त्यांचा आवाज म्हणूनच पडला होता.

आणि माझं खरं सांगू? तिसरं वर्ष मला नऊ वर्षांपासून हवं होतं. त्या संध्याकाळी घरी भाकरी थापताना मी मनातल्या मनात अ‍ॅनालिसिसचा पहिला तास घेतलासुद्धा, अगदी पोरांच्या शंकांसकट. मग मला स्वतःची इतकी लाज वाटली की तव्यावरची भाकरी करपली.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, स्टाफरूममध्ये मी सरांना गाठलं. लाज वाटली की मी दुसऱ्यावर चिडते, ही माझी जुनी खोड.

"सर, काऊन एवढा हट्ट? प्रेमानंद सरांले येते, तुम्हाले का येणार नाही? गुरुवार किती दिवसांवर आहे?"

"मले माहीत आहे किती दिवसांवर आहे."

"मग बसा ना माझ्यासोबत अर्धा तास. मी शिकवते."

सरांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "दोन वर्षं राह्यली माझी. आता काय नवीन शिकायचं त्यात."

"पोरांले म्हणता शिकायले वय नसते, आणि स्वतःवर आलं की दोन वर्षं राह्यली?"

हे मी बोलायला नको होतं. सरांनी वर्तमानपत्राची घडी पुन्हा उघडली. मग म्हणाले, "रेवती, तुझा तास असंल ना आता. जाय." मी गेले, आणि वर्गातल्या पोरांना विनाकारण झापलं.

मी बीबीहून येते. मेहकरला गाडी बदलावी लागते. मंगळवारी पुढची गाडी उभीच होती, म्हणून मी पाऊण तास आधी पोचले. कॉलेजात शिपायाशिवाय कुणी नसेल म्हणून जिना चढले, तर बारा नंबरचं दार उघडं आणि आत बोर्ड चालू. मला वाटलं, कुणीतरी वहीत मिनिटं भरतंय. दोन शब्द सुनवायच्या तयारीने मी दारापर्यंत गेले.

आत सुधाकर सर होते, एकटेच. बोर्डावर लिहीत होते.

'समजा' असा शब्द त्यांनी लिहिला. मग हाताची करंगळीकडची बाजू बोर्डावर टेकून वरची रेघ डावीकडून उजवीकडे ओढत नेली. रेघ उमटली आणि तिच्याखालचा शब्द गेला. बोर्डाला तळहाताची कड लागली की त्याला वाटतं, माणूस पुसतोय. सरांनी पुन्हा 'समजा' लिहिलं, पुन्हा रेघ ओढली, पुन्हा नुसती रेघ राहिली. असल्या, खाली काहीच नसलेल्या, चार-पाच रेघा आधीपासूनच बोर्डावर एकाखाली एक होत्या.

मग त्यांनी हात उचलून, अधांतरी धरून लिहिलं. शब्द राहिला. पण ती अक्षरं सरांची नव्हती. काना वाकडा, 'म' फाटलेला, आणि वरची रेघ तर पहिलीतल्या पोराने मारावी तशी खालीवर. सरांनी ते पाहिलं आणि स्वतःच तळहाताने पुसून टाकलं.

ट्रेनिंगच्या बाई इंग्रजीत लिहीत होत्या. इंग्रजीला वरची रेघ नसते. बाकीचे मराठीवाले हात टेकत नाहीत. त्यामुळे हे आख्ख्या कॉलेजात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"कधीची उभी आहे तू?" सरांनी मागे न बघताच विचारलं.

"आत्ताच आली."

"खोटं बोलू नको."

मी आत गेले. शनिवारचं बोलणं आठवून माझे कान तापले होते. "तुम्ही रोज येऊन राह्यले का सर सकाळी?"

"ट्रेनिंग झाल्यापासून. कॉलेज उघडलं की अर्धा तास." त्यांनी पेन टेबलावर ठेवलं. उजवा हात डाव्या हातात धरला, पण तेवढ्यात मला दिसायचं ते दिसलं. तो हात अगदी बारीक, न थांबता हलत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं झाले. अकोल्याच्या डॉक्टरांच्या गोळ्या आहेत. टेकवला तर राहते शांत." सर बाकावर बसले. "घरी बायकोले अजून सांगितलं नाही. चहाचा कप मी दोन्ही हातांनी धरतो, तिले वाटते ऊब घेऊन राह्यलो. फळ्यावर हात टेकून लिहिलं की कोणाले काही कळत नव्हतं. फळ्यानं कधी चुगली केली नाही. हा करते."

मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो. मी सरांना म्हटलं, "तुम्ही मले आधीच नाही सांगू शकत होते का? मी काय गावभर दवंडी पिटणार होते?" ते हसले. हसत हसत खोकले. मग म्हणाले, "तुले सांगितलं असतं तर तू त्या कंपनीवाल्या बाईशी भांडायले गेली असती."

ते बरोबर होतं.

मी बोर्डाशी झटायला लागले. ही वस्तू माणसाने केली आहे, म्हणजे तळहाताने पुसणं कुठेतरी बंद करायची सोय असणारच. एक बटण दाबलं तर पाटी हिरवी झाली. दुसरं दाबलं तर पृथ्वीचा गोल येऊन गरगर फिरायला लागला आणि जाईना. सर मागून म्हणाले, "ते भूगोलवाल्यांसाठी असंल." ट्रेनिंगच्या बाईंना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. शेवटी कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर, मग पेनाच्या चित्रावर, मग एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं आणि ती सोय सापडली. तीन टिचक्या. इतक्यासाठी चार महिने.

"आता लिहा, सर."

सरांनी हात टेकला. 'समजा एप्सिलॉन शून्यापेक्षा मोठा आहे.' मग सावकाश वरची रेघ ओढली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. सगळं जागेवर राहिलं. तेच अक्षर, मी विसाव्या वर्षी वहीत उतरवून घेतलेलं. सर दोन पावलं मागे झाले आणि बघत राहिले.

"राह्यलं," ते म्हणाले. मी खिडकीशी जाऊन उगाच बाहेर बघितलं.

बुधवारी सकाळी त्यांनी माझ्याकडून त्या तीन टिचक्या दहा वेळा करून घेतल्या, मग स्वतः दहा वेळा केल्या, आणि आपल्या डायरीत आकडे घालून लिहून ठेवल्या.

गुरुवारी अकराचा तास. प्राचार्य शेवटच्या बाकावर, त्यांच्या बाजूला मी. पोरं नेहमीपेक्षा सरळ बसलेली. पावणेअकराला लाइट गेली होती आणि दहा मिनिटांनी आली होती, तेव्हा मला काही सुचलं नाही. सरांनी बोर्डावर दोन उभ्या रेघा मारल्या, डावीकडे 'दिलेले' लिहिलं, हात टेकून वरची रेघ ओढली, आणि शब्द गेला.

लाइट गेल्यामुळे बोर्ड बंद होऊन पुन्हा चालू झाला होता, आणि होता तसा मूळपदावर आला होता. मी उठायला लागले, तर प्राचार्य माझ्याकडे बघायला लागले. उठून गेले असते तर सरांना जमत नाही हेच सिद्ध झालं असतं. मी बसले. बाकाची कड इतकी घट्ट धरली की हाताला वळ उठले.

सरांनी रिकाम्या रेघेकडे पाहिलं. मग चष्मा वर केला, कोपऱ्यातल्या चाकावर बोट ठेवलं, मग पेनावर, मग ठिपक्यावर. "लाइट गेली की हा शिकवलेलं सगळं विसरते," ते वर्गाकडे वळून म्हणाले. "तुमच्यासारखाच." पोरं हसली. सरांनी 'दिलेले' पुन्हा लिहिलं, रेघ ओढली, आणि तास सुरू झाला.

काय तास होता तो. चूक झाली की सर ओळ न पुसता तिच्याभोवती लाल गोल करत, मागच्या पानावर जात, 'इथं काय गृहीत धरलं होतं आपण?' असं विचारत. खडूच्या फळ्यावर मागचं पान नसतं. एकतीस वर्षांत जे करता आलं नव्हतं, ते त्यांनी तिसऱ्या दिवशी आपलंसं केलं होतं. आणि पाऊण तासात ते दोनदाच खोकले.

फक्त एका गोष्टीने माझं डोकं फिरत होतं. दर दोन-तीन ओळी झाल्या की पुढच्या बाकावरून जयमाला हात वर करायची. "सर, थांबा जरा, लिहून राह्यलो." सर थांबत, हात खाली सोडून उभे राहत, मिनिटभराने पुढे जात. प्राचार्य घड्याळ बघत होते. इतकी महत्त्वाची वेळ, आणि या पोरीला दोन ओळी उतरवायला मिनिट लागतं. अशा वेळी वर्ग रेंगाळलेला दिसला तर ते कुणाच्या खात्यावर जाणार?

तास संपला. मापारी सर उठून पुढे गेले. "सर, तिसरं वर्ष तुमच्याकडंच," ते म्हणाले, आणि पटकन निघून गेले, कारण त्यांचेही डोळे भरून आले होते. मला आनंद झाला. तिसरं वर्ष गेलं याचं थोडंसं वाईटही वाटलं, ते मी लपवत नाही.

मग मी जयमालाला व्हरांड्यात पकडलं.

"काय ग, तुला लिहायला एवढा वेळ लागतो? आजच्या दिवशी तरी जरा हात चालवायचा. आठ वेळा थांबवलं तू सरांना."

ती खाली मान घालून उभी राहिली. मी तिच्या हातातली वही ओढून घेतली. अक्षर झरझर, नीटनेटकं, शेवटच्या ओळीपर्यंत पूर्ण. समासात तिने सरांच्या दोन प्रश्नांची उत्तरंसुद्धा आधीच काढून ठेवली होती.

"हे तर सगळं झालेलं आहे तुझं."

"हो मॅडम."

"मग थांबवत काऊन होती?"

जयमालाने व्हरांड्यात इकडेतिकडे पाहिलं. "आज माझी पाळी होती, मॅडम."

"कशाची पाळी?"

"थांबा म्हणायची. सरांचा हात दमते ना. दोन ओळींच्या वर झालं की जास्त हलते. एकाच पोरानं रोज म्हटलं तर सरांले समजंल, म्हून आम्ही पाळी लावली. मागच्या तासाले गणेशची होती." ती घाबरून माझ्याकडे बघत होती. "मागच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांनी सांगितलं होतं, नोट्स देताना. त्यांनी पण असंच केलं वर्षभर. कोणाले बोलायचं नाही म्हणून बजावलं होतं. तुम्ही सांगू नका ना मॅडम सरांले."

मी तिला वही परत दिली. "जाय," एवढंच म्हटलं. ती पळाली.

स्टाफरूममध्ये सर खिडकीजवळ बसले होते. चहाचा कप दोन्ही हातांत. खूप दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला. मी माझा कप घेऊन शेजारी बसले.

"पोरं चांगली आहेत यंदाची," सर म्हणाले. "हुशार आहेत. फक्त लिहायले लय सावकाश."

"हो सर," मी म्हटलं. "फारच सावकाश आहेत."